नैसर्गिक रबराच्या पटलातील प्रोटॉन वहन

नैसर्गिक रबर म्हणजे मुख्यतः सिस-१,४-पॉलिआयसोप्रीन. त्याचे काचसंक्रमण तापमान सुमारे उणे ७०° से. असल्याने नेहमीच्या तापमानास त्याच्या साखळ्या सतत हालत असतात व ही हालचाल आयनवहनास पोषक ठरते. तथापि या हायड्रोकार्बन साखळीत ध्रुवीय गट नसल्याने क्षार तीत विरघळत नाही. म्हणून काही द्विबंधांचे इपॉक्साइडमध्ये रूपांतर करतात. ईएनआर-५० मध्ये हे प्रमाण ५० मोल टक्के असते. मात्र काचसंक्रमण तापमान उणे २०° से.च्या आसपास चढते. ऑक्सिजन मिळतो, पण लवचीकता घटते.

अशा पटलात अमोनियम क्षार मिसळल्यास अमोनियम आयनातील प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून शेजारच्या ऑक्सिजनवर उडी घेतो, असे मानले जाते. पाण्यातील अशा वहनाची मूळ कल्पना ग्रोटहुस यांनी १८०६ मध्ये मांडली होती.

प्रतिबाधा मापनातून मिळणारी वाहकता मात्र सर्व आयनांची एकत्रित असते. ऋण आयनही त्यात आलेच. तिला सरळ ‘प्रोटॉन वाहकता’ म्हणणे प्रस्तुत लेखकास घाईचे वाटते. रोधक इलेक्ट्रोड वापरून केलेल्या वॅग्नर ध्रुवीकरणानेही केवळ आयन व इलेक्ट्रॉन यांचा वाटा वेगळा होतो. पदव्युत्तर प्रकल्पांत हा भेद सहज निसटतो. प्रोटॉनचा वाटा ठरविण्यास प्रोटॉनची देवाणघेवाण करणारे इलेक्ट्रोडच लागतात.