सरासरीचा माणूस : लेखांक ४
पुण्याचं बाळ कुणाच्या मापानं मोजायचं?

मागच्या आठवड्यात आपण ताऱ्यांपाशी थांबलो होतो. एकाच ताऱ्याची जागा दहा वेळा मोजली की दहा आकडे थोडेथोडे वेगळे येतात. त्यांची सरासरी खऱ्या जागेच्या जवळ जाते, उरलेला फरक मोजण्यातल्या चुकीच्या खात्यात टाकायचा. खगोलशास्त्रातलं हे गणित बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी उचललं आणि माणसांना लावलं. त्यांच्या हाती ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं आली. सरासरी निघाली ४० इंचांच्या किंचित खाली. बहुतेक मापं तिच्या आसपास, टोकाची अगदी मोजकी; चित्र हुबेहूब ताऱ्यांच्या चुकांसारखं. केटले म्हणाले, निसर्गाचा नमुना एकच, आणि आपण सगळे त्याच्या थोड्याफार बिघडलेल्या नकला.

घोळ झाला तो इथेच. ताऱ्याची जागा एकच असते. सैनिक मात्र ५,७३८ होते, आणि त्यांच्यातल्या कुणाचीच छाती 'चुकलेली' नव्हती.

वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं सूत्रही केटले यांचंच. लठ्ठपणाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. माणूस कसा वाढतो, एवढंच ते शोधत होते. अमेरिकेतल्या अँसल कीज यांनी १९७२ साली त्या सूत्राला बीएमआय हे नाव दिलं. त्यासाठी तपासलेल्या सात हजारांहून अधिक माणसांत एकही बाई नव्हती. तरी तोच आकडा आज जगभर बाईमाणसाच्याही केसपेपरवर असतो.

आता पुण्यात या. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला : केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३, म्हणजे अगदी नॉर्मल. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! हा फरक पाळण्यापासूनच असतो. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोंची. पुण्याचं बाळ सगळीकडूनच लहान : पोट बारीक, दंड काटकुळे. पण पाठीवरची कातडी चिमटीत धरून जाडी मोजली, तर तिथली चरबी त्या मानानं जवळपास शाबूत. काट्यावर हडकुळं दिसणारं बाळ आतून चरबी राखून होतं.

म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ वरून २३ वर आणावी लागली. मला हे उशिरा सुचलेलं शहाणपण वाटतं. तोवर कितीतरी सडसडीत माणसं 'नॉर्मल' हा शेरा घेऊन निर्धास्त घरी गेली असतील, आणि त्या लपलेल्या चरबीतून येणारा मधुमेह त्यांच्यासोबतच गेला असेल.

तेव्हा पुढच्या तपासणीत बीएमआयपुढे 'नॉर्मल' लिहिलेलं दिसलं, तरी डॉक्टरांना कमरेचा घेरही मोजायला सांगा. आपल्याकडे धोक्याची रेघ पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटरवर आहे.