इंग्रजी कर्मणि कर्तव्यार्थ आणि मराठी विध्यर्थ

‘द फी इज टु बी पेड बाय द कँडिडेट’ हे वाक्य नियमपत्रकांत नेहमी आढळते. त्याचे मराठी रूपांतर ‘उमेदवाराकडून फी भरली जाणार आहे’ असे केले, तर शब्द सर्व येतात, परंतु अर्थ निसटतो. मूळ वाक्यात उमेदवारावर कर्तव्य लादलेले आहे. रूपांतरात केवळ भाकीत उरते. ‘फी भरण्यात येईल’ असे लिहिल्यास तर ती कार्यालयानेच दिलेली हमी वाटू लागते. ज्या वाक्यावर कोणाचे तरी देणे अवलंबून आहे, तेथे हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही.

इंग्रजी रचनेत ‘इज’, त्यापुढे ‘टु बी’ आणि शेवटी ‘पेड’ हे भूतकालवाचक धातुसाधित, ही तिन्ही अंगे आवश्यक असतात. कर्तव्याचा अर्थ ‘इज टु’मध्ये असतो, कर्मणित्व ‘बी पेड’मध्ये. ‘इज टु पे’ म्हटले की फीच काही देणार असल्याचा विपरीत अर्थ होतो.

मराठीत मात्र ही दोन्ही कार्ये एकच प्रत्यय करतो. ‘उमेदवाराने फी भरावी’, ‘उमेदवाराने शुल्क भरावे’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगवचनानुसार बदलते. म्हणजे विध्यर्थाचा हा प्रयोग मुळातच कर्मणि आहे. त्याला ‘जाणे’ जोडून ‘भरली जावी’ असे करण्याचे प्रयोजन सहसा उरत नाही. ‘-आवा’चे मूळ संस्कृत ‘तव्य’ प्रत्ययात आहे आणि कृत्य प्रत्यय कर्मणि व भावे होतात हे पाणिनीने सांगितलेच आहे. इंग्रजीच्या छायेत आपण घरचेच धन विसरतो, असे म्हणावे लागते.

कर्त्याची विभक्तीही अर्थवाही आहे. ‘उमेदवाराने भरावी’ यात विधी आहे. ‘उमेदवाराला भरावी लागेल’ यात परिस्थितीची सक्ती आहे आणि ती इंग्रजीतील ‘विल हॅव टु बी पेड’ला अधिक जवळची आहे. ‘उमेदवाराने भरावयाची आहे’ हे ‘इज टु बी पेड’चे सर्वांत नेमके रूप होय. मात्र ‘मला फी भरायची आहे’ यात कर्तव्य आणि इच्छा दोन्ही संभवतात; तेथे संदर्भच निर्णय करतो. हिंदीत ‘जमा किया जाना है’ ही जोड सहज रुळली आहे. गुजरातीतील ‘करवानुं छे’ मात्र मराठीच्या जवळचे आहे.

निषेधार्थी वाक्यांत अधिक सावधपणा हवा. ‘द बुक इज नॉट टु बी रिमूव्ह्ड’ म्हणजे ‘पुस्तक बाहेर नेऊ नये’. ‘नेले जाणार नाही’ हे आश्वासन झाले, तर ‘न्यावे लागणार नाही’ ही सवलत.

तथापि प्रत्येक ‘इज टु बी’ कर्तव्यवाचक नसते. ‘द ब्रिज इज टु बी ओपन्ड ऑन मंडे’ यात केवळ योजना आहे. तेथे ‘पुलाचे उद्घाटन सोमवारी व्हावयाचे आहे’ किंवा ‘होणार आहे’ हेच शोभते. ‘ही वॉज नोव्हेअर टु बी सीन’मध्ये तर शक्यतेचा अभाव आहे, ‘तो कोठेच दिसेना’ असे लिहिणाऱ्या अनुवादकाला मूळ वाक्य कर्मणि असल्याची आठवणही ठेवण्याची गरज नाही.