पावसाळ्यात कॉम्प्रेसर पाणी का थुंकतो?

गणपतीच्या रंगकामाची घाई, आणि एअरब्रशमधून नेमका पाण्याचा थेंब पीतांबरावर! दोष ब्रशचा नाही. दमट हवा दाबली की तापते, नळीत गार झाली की पाणी सोडते. म्हणून मॉइश्चर ट्रॅप ब्रशच्या जवळ लावा. टाकीखालचा ड्रेन कॉक रोज काम संपल्यावर, थोडा दाब शिल्लक असताना उघडा. तपकिरी पाणी आलं तर टाकी आतून गंजतेय.

ब्रश बंद असूनही मोटर मधूनच सुरू होते? गळती आहे. जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे येतील तो जोड खोलून टेफ्लॉन टेप गुंडाळा.

मोटर नुसतीच गुणगुणते? लगेच बंद करा. मग लांबलचक एक्स्टेंशन काढून थेट भिंतीच्या प्लगवर लावून बघा.

आणि ऑइल-फ्री पंपात तेल ओतू नका, प्लीज!