पडण्यातली ऊर्जा
घरी डॉमिनोच्या सोंगट्यांची साखळी रचताना प्रत्येक सोंगटी उभी करायला आपण थोडी ऊर्जा खर्च करतो. ती तिथेच साठून राहते आणि पहिलीला बोट लागले की क्रमाक्रमाने मोकळी होते. म्हणूनच लहान सोंगटी आपल्यापेक्षा दीडपट मोठी सोंगटीही पाडू शकते!

कृष्णविवराजवळ गुरुत्वाकर्षणाची हीच ऊर्जा थक्क करणाऱ्या प्रमाणात सुटते. हंस तारकासमूहातल्या ‘सिग्नस एक्स-१’ या कृष्णविवराकडे शेजारच्या ताऱ्याचा वायू खेचला जातो, भोवती फिरत आत घसरताना घर्षणाने लक्षावधी अंश तापतो आणि क्ष-किरण फेकतो. विवर काळेच, हा उजेड पडणाऱ्या वायूचा. हायड्रोजनच्या संमीलनात वस्तुमानाच्या सुमारे ०.७ टक्के ऊर्जा मिळते. इथे, विवर स्वतःभोवती फिरत नसले तरी, जवळजवळ ६ टक्के. असे क्ष-किरण टिपण्यासाठी भारताने २०१५ मध्ये ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रह सोडला. त्यावरची काही उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली आहेत.