पराभवाचीही तालीम लागते

मराठीत ‘तालीम’ म्हटले की डोळ्यांपुढे लाल माती येते, शड्डूचा आवाज येतो. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. शब्द एकच, मूळचा अरबी. मराठीने तो कुस्तीच्या आखाड्याला दिला आणि ‘उस्ताद’चा ‘वस्ताद’ केला. या दोन्ही भाषा शिकवताना आम्ही मुलांना हा शब्द नेहमी सांगतो. जपानच्या एका महिला मल्लाची कारकीर्द वाचताना तर त्याचे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदताना दिसतात.

तिचे नाव साओरी योशिदा. ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदके तिच्या नावावर आहेत : अथेन्स २००४, बीजिंग २००८ आणि लंडन २०१२. जागतिक अजिंक्यपदे १३. २००२ ते २०१५ या काळात तिच्या गटाची जागतिक स्पर्धा जेव्हा जेव्हा भरली, तेव्हा तेव्हा सुवर्ण तिनेच नेले. आशियाई क्रीडास्पर्धांतही लागोपाठ चार वेळा ती पहिली आली. रशियाचे महान मल्ल अलेक्झांडर कारेलिन यांनी ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धा मिळून १२ सुवर्णपदके जिंकली होती. साओरीने २०१२ साली १३वे जिंकून त्यांना मागे टाकले. त्याच वर्षी जपान सरकारने तिला पंतप्रधानांच्या हस्ते दिला जाणारा ‘जनतेचा सन्मान’ हा पुरस्कार दिला.

हे आकडे थक्क करणारे आहेतच. पण मुलांना शिकवणाऱ्यांनी आणि मुले वाढवणाऱ्यांनी तिच्या विजयांपेक्षा तिच्या मोजक्या पराभवांकडे जास्त लक्ष द्यावे, असे आम्हाला वाटते.

घरातला आखाडा

साओरीचा जन्म ५ ऑक्टोबर १९८२चा, जपानच्या मिए प्रांतातला. वडील एइकात्सु योशिदा स्वतः राष्ट्रीय विजेते मल्ल. ते घरीच लहान मुलांना कुस्ती शिकवत. साओरीचे दोघे थोरले भाऊ तिथे सराव करत आणि तिसऱ्या वर्षी साओरीही त्याच मॅटवर उतरली. मुलगी म्हणून तिला वेगळा, सोपा सराव मिळाला नाही.

त्या काळाचा विचार केला म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. ऑलिम्पिकमध्ये तेव्हा महिलांची कुस्ती नव्हती. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा भरली १९८७ साली, नॉर्वेमध्ये. आशियाई क्रीडास्पर्धांत महिला कुस्ती आली २००२ मध्ये आणि ऑलिम्पिकमध्ये २००४ मध्ये. जपानची परंपरागत कुस्ती म्हणजे सुमो. व्यावसायिक सुमोच्या रिंगणात स्त्रीने पाऊल ठेवायचे नाही, असा रिवाज तिथे आजही आहे. २०१८ साली एका शहराचे महापौर भाषण करताना रिंगणातच कोसळले. त्यांना वाचवायला धावून गेलेल्या स्त्रियांनाही बाहेर जाण्याची सूचना ध्वनिक्षेपकावरून केली गेली. पुढे सुमो संघटनेच्या प्रमुखांना त्याबद्दल माफी मागावी लागली.

अशा देशात एक बाप १९८५-८६च्या सुमारास आपल्या तीन वर्षांच्या लेकीला मॅटवर उभे करतो. तिच्यापुढे ना ऑलिम्पिकचे दार उघडे होते, ना नोकरीचे आश्वासन. पालकसभेत आम्हाला हमखास विचारले जाते, ‘मुलीला खेळात घालून पुढे उपयोग काय?’ एइकात्सु योशिदांना हा प्रश्न कोणी विचारला असता, तर दाखवायला त्यांच्याकडे एकही पदक नव्हते. तरी त्यांनी लेकीची तालीम थांबवली नाही.

साओरी एक आठवण सांगत असे. लहानपणी एका स्पर्धेत ती एका मुलाकडून हरली. त्याच्या गळ्यातले पदक पाहून तिलाही ते हवेसे वाटले. हे दुकानात विकत मिळत नाही, मेहनत करणाऱ्यालाच मिळते, असे वडिलांनी तिला समजावले. त्यांनी ना तिची खोटी समजूत काढली, ना हरली म्हणून तिला रागावले.

वडिलांचा भर एकाच डावावर होता. आपले पैलवान ज्याला ‘पट काढणे’ म्हणतात, तो हा डाव. समोरच्याचे वजन एका पायावरून दुसऱ्यावर सरकते तेवढ्या निमिषात खाली झुकायचे, खांदा त्याच्या अंगाशी भिडवायचा, पाय धरायचे आणि त्याला मागे पाडायचे. वाट पाहत बसायचे नाही, पुढाकार आपण घ्यायचा, ही वडिलांची शिकवण. हा पट साओरीने हजारो वेळा घोटला आणि पुढे तीच तिची ओळख झाली. तिचा पट इतका वेगवान होता की तो येणार हे सगळ्या जगाला ठाऊक असूनही तो अडवणे जवळजवळ कोणालाच जमत नसे.

सुरुवात मात्र सोपी नव्हती. तिच्याच वजनगटात, तिच्याच देशात सेइको यामामोतो ही जागतिक विजेती होती. साओरी तिच्याकडून हरली होती. ऑलिम्पिकला एका गटातून देशाची एकच मल्ल जाते. अथेन्सचे तिकीट मिळवायला साओरीला आधी घरच्याच जगज्जेतीला हरवावे लागले. ते तिने केले आणि अथेन्सच्या अंतिम फेरीत कॅनडाच्या टोन्या व्हर्बीकला नमवून सुवर्ण घेतले.

११९ विजयांनंतर

जानेवारी २००८. चीनमधील तायुआन शहरात सांघिक विश्वचषक स्पर्धा सुरू होती. साओरी लागोपाठ ११९ कुस्त्या जिंकून आली होती. समोर होती अमेरिकेची मार्सी व्हॅन ड्युसेन. साओरीने नेहमीप्रमाणे पट काढायला झेप घेतली आणि व्हॅन ड्युसेनने तिचाच डाव तिच्यावर उलटवला. साओरी हरली. ज्या डावावर सगळी भिस्त, तोच फसला. सर्वांसमोर ती ढसाढसा रडली. बीजिंग ऑलिम्पिक अवघ्या सात महिन्यांवर आले होते.

अशा वेळी दोन मोह होतात. एक म्हणजे पंचांना किंवा नशिबाला बोल लावणे. दुसरा म्हणजे घाबरून तो डावच सोडून देणे. साओरीने डाव सोडला नाही, त्यातली फट बुजवली. आंधळी झेप न घेता, उलटा डाव बसणार नाही अशा बेताने पट कसा काढायचा, यावर तिने महिनोन्‌महिने मेहनत केली. ऑगस्टमध्ये बीजिंगच्या अंतिम फेरीत तिने चीनच्या शू ली हिला तिच्याच देशात चितपट केले.

११९ विजयांचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. त्यातल्या प्रत्येक कुस्तीत समोर कोणीतरी हरले होते. त्यांच्याही मागे घर होते, मेहनत होती. सतत पहिल्या येणाऱ्या मुलाला ही जाणीव सहसा नसते. एकदा हरल्यावर ती येते आणि ज्याला ती येते तो अधिक चांगला माणूस होतो.

मे २०१२ मध्ये तिला पुन्हा पराभव पाहावा लागला. यावेळी टोकियोत, आपल्याच माणसांसमोर, रशियाच्या व्हॅलेरिया झोलोबोव्हाकडून. लंडन ऑलिम्पिकला जेमतेम दोन महिने उरले होते आणि उद्घाटनाच्या संचलनात जपानचा ध्वज तिच्याच हाती असणार होता. लंडनच्या उपांत्य फेरीत पुन्हा झोलोबोव्हाच समोर आली. साओरीने ती कुस्ती जिंकली, अंतिम फेरीत पुन्हा व्हर्बीकला हरवले आणि तिसरे सुवर्ण मिळवले. त्यानंतर तिने आपल्या वडिलांना खांद्यावर घेतले. ज्यांनी तिला तिसऱ्या वर्षी मॅटवर आणले, ते त्या दिवशी प्रशिक्षक म्हणून तिच्यासोबत होते.

वडील गेल्यावर

मार्च २०१४ मध्ये एइकात्सु योशिदांचे अचानक निधन झाले. वय अवघे ६१. त्यानंतर काही दिवसांतच टोकियोत सांघिक विश्वचषक होता. साओरी घरी बसून राहिली असती तरी कोणी नाव ठेवले नसते. पण ती मॅटवर उतरली आणि जपानच्या संघाने चषक जिंकला. त्याच वर्षी ताश्कंदला जागतिक आणि इंचॉनला आशियाई सुवर्णही तिने मिळवले. सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. दुःख सोबत घेऊन आपले काम करत राहणे हासुद्धा सब्रच आहे.

रिओचे रुपेरी पदक

रिओ, १८ ऑगस्ट २०१६. साओरी ३३ वर्षांची होती, जपानच्या संपूर्ण ऑलिम्पिक पथकाची कर्णधार होती आणि लागोपाठ चौथ्या सुवर्णाच्या दारात उभी होती. आदल्याच दिवशी तिची सहकारी काओरी इचो हिने आपले चौथे सुवर्ण जिंकले होते. एकाच वैयक्तिक खेळात लागोपाठ चार ऑलिम्पिक जिंकणारी ती जगातली पहिली महिला. आता सगळा जपान साओरीकडे पाहत होता.

अंतिम फेरीत समोर होती अमेरिकेची हेलन मारूलिस. हीच मारूलिस २०१२च्या जागतिक अंतिम फेरीत साओरीकडून चितपट झाली होती. ती हार मनात ठेवून तिने चार वर्षे तयारी केली. रिओत पहिल्या सत्रात साओरी १-० अशी पुढे होती. दुसऱ्या सत्रात मारूलिसने दोनदा ताबा मिळवला आणि कुस्ती ४-१ अशी जिंकली. महिला कुस्तीतले अमेरिकेचे हे पहिले ऑलिम्पिक सुवर्ण. ज्या शाळेत साओरी शिकली, त्याच पराभवाच्या शाळेत मारूलिसही शिकली होती.

साओरी मॅटवर कोसळून रडली. कर्णधार असून सुवर्ण देऊ शकले नाही, म्हणून तिने देशवासीयांची माफी मागितली. खरे तर माफी मागण्यासारखे काहीच घडले नव्हते आणि जपानी लोकांनीही तिला प्रेमच दिले. पुढे या पदकाविषयी बोलताना, हरणाऱ्यांच्या मनात काय चालते ते रिओने आपल्याला कळले, असे ती सांगत असे. जानेवारी २०१९ मध्ये ३३ वर्षांच्या कुस्तीनंतर तिने निवृत्ती जाहीर केली. ५३ किलोचा तिचा गट रिकामा राहिला नाही. २०२१ मध्ये टोकियोत मायू मुकाइदाने आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये आकारी फुजिनामीने त्याच गटात सुवर्ण घेतले. दोघीही साओरीच्याच मिए प्रांतातल्या आणि फुजिनामीचे प्रशिक्षक तिचे वडीलच.

आपल्या मुलींपर्यंत

ही कहाणी आपल्यापासून फार लांबची नाही. लंडनला साओरीच्याच ५५ किलो गटात आपली गीता फोगट उतरली होती. ऑलिम्पिक गाठणारी ती पहिली भारतीय महिला मल्ल. रिओत इचोने जिंकलेल्या ५८ किलो गटात दोन कांस्यपदके दिली गेली. एक आपल्या साक्षी मलिकला आणि दुसरे ट्युनिशियाच्या मरवा अमरीला. साक्षीचे पदक भारतीय महिला कुस्तीचे पहिले ऑलिम्पिक पदक ठरले, तर मरवा ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे पदक मिळवणारी आफ्रिकेतली पहिली महिला. साक्षी तर उपांत्यपूर्व फेरीत हरली होती. नियमाने मिळालेल्या दुसऱ्या संधीचे तिने सोने केले. पॅरिसमध्ये विनेश फोगटने आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर अपराजित असलेल्या युई सुसाकीला हरवले. पुढे अंतिम फेरीच्या दिवशी १०० ग्रॅम जास्त वजनामुळे विनेश अपात्र ठरली. सुसाकीने मात्र रडून झाल्यावर पुन्हा मॅटवर येऊन कांस्य मिळवले.

शाळेत आम्ही दरवर्षी पाहतो. पाचवी-सहावीपर्यंत खो-खोत, धावण्यात पुढे असणाऱ्या मुली आठवी-नववीत मैदानाच्या कडेला बसू लागतात. काहींना घरून मनाई असते, काहींना हरलो तर हसतील याची भीती असते. निकालाच्या दिवशी गुणपत्रक दप्तराच्या तळाशी दडवणारी मुले असतात आणि दोन गुणांनी नंबर हुकला म्हणून दोन दिवस न जेवणारीही असतात. जिंकण्याची तयारी आपण त्यांच्याकडून भरपूर करून घेतो. हरल्यावर काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

ते शिकवायला पदकविजेते वडील लागत नाहीत. मूल हरून घरी आले की ‘कोणी हरवले?’ याऐवजी ‘कुठे चुकले ते कळले का?’ असे विचारावे. रडू आले तर रडू द्यावे. बहिणीला भावाइतकाच खेळायचा वेळ द्यावा आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेला तिचे अब्बा किंवा अम्मी थोडा वेळ उभे राहिलेले तिला दिसावेत. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खेळायला गेली, तर त्या घरातली तालीम नीट चालली आहे असे समजावे.