ब्रॉयलरच्या खाद्यात मसाले : गुणधर्म, मात्रा आणि खर्चाचा मेळ

ब्रॉयलर कुक्कुटपालनात एकूण उत्पादनखर्चापैकी सुमारे ६५ ते ७० टक्के खर्च खाद्यावर होतो. खाल्लेल्या खाद्याचे अधिकाधिक वजनात रूपांतर व्हावे, यासाठी अनेक वर्षे खाद्यात अल्प मात्रेत प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा होती. मात्र अशा सततच्या वापरामुळे जीवाणूंमध्ये औषधांविरुद्ध प्रतिकारक्षमता निर्माण होते आणि माणसांच्या उपचारातही ती औषधे निष्प्रभ ठरू लागतात. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी होणारा प्रतिजैविकांचा वापर पूर्णपणे थांबवला. भारतातही जुलै २०१९ मध्ये खाद्योत्पादक पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घालण्यात आली. या पार्श्वभूमीवर हळद, लसूण, ओवा, दालचिनी, मिरे यांसारख्या मसाल्यांकडे नैसर्गिक खाद्यपूरक म्हणून पाहिले जात आहे.

मसाल्यांचे कार्य कसे चालते?

हळदीतील कुरकुमीन, लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल आणि दालचिनीतील सिनामाल्डिहाइड हे घटक जीवाणूंची वाढ रोखतात. लसणातील अ‍ॅलिसिन हे पाकळी ठेचल्यानंतरच तयार होते व ते फार काळ टिकत नाही. कुरकुमीन आतड्यातून शरीरात अत्यल्प प्रमाणात शोषले जाते. मिऱ्यातील पायपेरीन हे शोषण वाढवते. तथापि आतड्यातील अपायकारक जीवाणूंवर परिणाम होण्यासाठी ते रक्तात जाण्याची आवश्यकता नसते.

मिरचीच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पक्ष्यांमधील संवेदनाग्राहक कॅप्सायसिनला प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे माणसाला झोंबणारा तिखटपणा कोंबडीला जाणवत नाही.

हळद आणि बुरशीचे विष

ओलसर मका व शेंगदाणा पेंड यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. त्यामुळे पिल्लांच्या यकृतास इजा होते, वाढ खुंटते आणि रोगप्रतिकारशक्ती घटते. अशा दूषित खाद्यात ०.५ टक्के हळद पूड दिल्यास विषाचे दुष्परिणाम सौम्य होतात, असे ब्रॉयलर पिल्लांवरील प्रयोगांत आढळले आहे. मात्र याचा अर्थ बुरशी आलेला मका हळद घालून वापरावा, असा नव्हे. कच्चा माल कोरडा ठेवणे हाच पहिला उपाय होय.

निरोगी कळपात मात्र मसाल्यांचे परिणाम एकसारखे दिसत नाहीत. काही प्रयोगांत वजन व खाद्य रूपांतरण सुधारले, तर काहींमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. मसाल्याचा वाण, साठवणूक, मात्रा आणि शेडमधील स्वच्छता यांवर परिणाम अवलंबून राहतो. मात्रा फार वाढवल्यास पक्षी खाद्य कमी खातात.

मिसळण्याची पद्धत

- १०० किलो खाद्यासाठी ५०० ग्रॅम हळद पूड घ्यावी. ती प्रथम ५ किलो मका भरड्यात एकजीव करावी व नंतर संपूर्ण खाद्यात मिसळावी.
- पूड चांगली वाळलेली असावी. मसाला ओलसर असल्यास त्यातूनच बुरशी खाद्यात शिरते.
- बाजारातील रंग दिलेली हळद टाळावी. भेसळीसाठी वापरला जाणारा लेड क्रोमेट विषारी असून त्यातील शिसे पक्ष्यांच्या शरीरात साठते. शक्यतो खात्रीची हळकुंडे घेऊन दळावीत.
- गोळी खाद्य तयार करताना होणाऱ्या उष्णतेने उडनशील तेले कमी होतात. म्हणून मसाले भरडा खाद्यात मिसळणे सोयीचे ठरते. एका वेळी आठवडाभर पुरेल इतकेच खाद्य तयार करावे.

खर्च वसूल होतो का?

एक हजार पक्ष्यांचे प्रत्येकी दोन किलो वजन आणि १.७० खाद्य रूपांतरण गुणोत्तर धरल्यास एकूण ३,४०० किलो खाद्य लागते. त्यात ०.५ टक्के प्रमाणे १७ किलो हळद लागेल. हळद २०० रुपये व खाद्य ४० रुपये किलो धरल्यास हळदीचा खर्च ३,४०० रुपये, म्हणजे प्रति पक्षी ३ रुपये ४० पैसे होतो. हा खर्च भरून निघण्यासाठी किमान ८५ किलो खाद्य वाचले पाहिजे; म्हणजेच गुणोत्तर १.७० वरून १.६६ च्या आसपास आले पाहिजे. मरतूक घटल्यास किंवा औषधांचा खर्च वाचल्यास हे गणित अधिक अनुकूल होते. दर बदलताच हिशेबही बदलतो, म्हणून प्रत्येक तुकडीच्या वेळी तो नव्याने मांडावा.

शेडवरच चाचणी

विस्तार कार्यकर्त्यांनी सरसकट शिफारस करण्याऐवजी कुक्कुटपालकाच्या शेडवरच तुलना घडवून आणावी. एकाच दिवशी आलेल्या, एकाच उबवणी केंद्रातील पिल्लांचे दोन सारखे गट करावेत. जागा, गादी, पाणी व लसीकरण समान ठेवून फक्त एका गटास मसाला द्यावा. दर आठवड्याला प्रत्येक गटातील ५० पक्ष्यांचे वजन, दिलेले व उरलेले खाद्य आणि मरतूक यांची नोंद ठेवावी. एका तुकडीवरून निष्कर्ष न काढता निदान तीन तुकड्यांत, वेगवेगळ्या ऋतूंत चाचणी घ्यावी.

करार पद्धतीने पक्षी वाढवणाऱ्यांनी कंपनीच्या लेखी संमतीशिवाय खाद्यात कोणताही बदल करू नये. राणीखेत व गंबोरोचे लसीकरण, रक्ती हगवणीचे नियंत्रण आणि कोरडी गादी यांना मसाले हा पर्याय नाही. पक्षी आजारी दिसल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच उपचार करावेत.

मसाले चांगल्या व्यवस्थापनाला हातभार लावतात, त्यातील उणीव भरून काढत नाहीत. मात्रा मोजून दिली, माल शुद्ध वापरला आणि नोंदी चोख ठेवल्या, तरच त्यांचा उपयोग किती होतो हे कुक्कुटपालकाला स्वतःच्या वहीतून कळेल व पुढील तुकडीचा निर्णय त्याला खात्रीने घेता येईल.