एक टेराबाइटची डिस्क आणि हरवलेले जीबी

एक टेराबाइट क्षमतेची नवी, कोरी हार्ड डिस्क विंडोज प्रणालीच्या संगणकाला जोडली की तिची क्षमता सुमारे ९३१ जीबी एवढीच दिसते, आणि उत्पादकाने मापात पाप केले, असा समज ग्राहक करून घेतो. काही जाणकार म्हणवणारेही उरलेली जागा फॉरमॅटिंगने खाल्ली असे सांगून मोकळे होतात. फॉरमॅटिंगला, म्हणजे फायलींची नोंद ठेवणाऱ्या मांडणीला, थोडी जागा लागते हे खरे असले, तरी या तफावतीचे कारण ते नव्हे. डिस्कवर एक लाख कोटी बाइट पुरेपूर असतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक अंक आणि असे आठ बिट म्हणजे एक बाइट. उत्पादक १०० कोटी बाइटांचा एक जीबी धरतो, तर विंडोज १०२४ ला १०२४ ने दोनदा गुणून येणाऱ्या १,०७,३७,४१,८२४ बाइटांच्या गटालाही जीबी हेच नाव देते, त्यामुळे तेच बाइट मोठ्या मापाने मोजल्यावर आकडा लहान येतो.

१०२४ ही संख्या लहरीने निवडलेली नाही. मेमरी चिपमधील प्रत्येक जागेचा पत्ता शून्य-एकच्या अंकांत लिहिला जात असल्याने दहा अंकी पत्त्यांनी नेमक्या १०२४ जागा दाखवता येतात, आणि म्हणून रॅमची क्षमता आजही याच हिशेबाने सांगितली जाते. डिस्कला असे बंधन नाही. किलोबाइटच्या पातळीवर दोन मापांतला फरक केवळ २.४ टक्के होता, म्हणून तो खपून गेला, पण प्रत्येक पायरीगणिक वाढत तो टेराबाइटला जवळजवळ १० टक्क्यांवर पोहोचतो. ‘१.४४ एमबी’च्या फ्लॉपीत तर दोन्ही हिशेबांची सरमिसळ होती, कारण तिच्यावरचे १४,७४,५६० बाइट १००० गुणिले १०२४ अशा तिसऱ्याच एमबीने मोजलेले होते. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १०२४ च्या पटीतील मापांना किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावे दिली. लिनक्सच्या अनेक साधनांत ती दिसतात, ॲपलने २००९ पासून मॅक संगणकांत हजाराचा हिशेब स्वीकारला, परंतु विंडोजने जुनी नावे जुन्याच अर्थाने चालू ठेवली, आणि ग्राहकाच्या मनातील संशयाचे मूळ या हट्टात आहे.

इंटरनेटच्या वेगाबाबतचा गैरसमज याहून साधा आहे: जोडणीचा वेग सेकंदाला मेगाबिटमध्ये सांगतात, तर फायलीचा आकार मेगाबाइटमध्ये, त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट उतरतात.

एक अक्षर म्हणजे एक बाइट, ही समजूत रोमन लिपीपुरती ठीक आहे, मात्र मराठी वाचकाने ती सोडून द्यावी. यूटीएफ-८ या सर्वत्र रूढ असलेल्या संकेतपद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे असल्याने ‘मराठी’ हा तीन अक्षरांचा शब्द म, र, काना, ठ आणि वेलांटी मिळून १५ बाइट घेतो. मोबाइलच्या एसएमएसची मर्यादा १४० बाइटांची असते. सात बिटांच्या संकेतात तिच्यात १६० रोमन अक्षरे मावतात, पण देवनागरीसाठी एसएमएसमध्ये दर चिन्हाला दोन बाइटांचा संकेत वापरावा लागत असल्याने, काना-मात्रा धरून, जेमतेम ७० चिन्हे बसतात.